दमा आटोक्यात आला, चालणं आलं नाही

दम्याच्या रुग्णाला प्रत्येक भेटीत ठरलेले प्रश्न विचारले जातात. रात्री खोकल्याने जाग येते का, छातीत घरघर होते का, तातडीचा पंप किती वेळा घ्यावा लागला? उत्तरं चांगली आली की फाईल मिटते. पण ज्या माणसाने दम लागेल असं काही करणंच सोडून दिलं आहे, त्याची उत्तरंही चांगलीच येतात. या प्रकरणातला सगळा गुंता इथे आहे. तीव्र दमा असलेल्या प्रौढांमध्ये तो शोधला तर सापडतो, आणि शोधला जात नाही म्हणून वर्षानुवर्षं तसाच राहतो.

इथल्या रुग्ण बाई म्हणजे कुणी एक खरी व्यक्ती नव्हे. हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे आणि त्यांचे आकडे त्यांच्यापुरतेच आहेत. प्रसिद्ध संशोधनातले आकडे जिथे आले आहेत, तिथे तसं म्हटलं आहे.

पार्श्वभूमी

वय 46. काम बैठं, दिवसाचे सात-आठ तास संगणकासमोर. दमा लहानपणापासूनचा नाही, तो तिशीच्या आसपास सुरू झाला. नाकात पॉलिप म्हणजे मऊ गाठी, रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या. उशिरा सुरू होणाऱ्या दम्याचं हे ओळखीचं रूप. धूम्रपान कधीच नाही.

‘तीव्र दमा’ म्हणजे खूप धाप लागणारा दमा, असं बहुतेकांना वाटतं. वैद्यकीय व्याख्या वेगळी आहे. स्टेरॉईड आणि दीर्घकाळ श्वासनलिका मोकळी ठेवणारं औषध असलेला पंप मोठ्या मात्रेत, योग्य पद्धतीने आणि न चुकता घेऊनही, शिवाय दमा बिघडवणाऱ्या इतर गोष्टींवर उपचार करूनही जो आटोक्यात येत नाही, किंवा मात्रा कमी करताच उसळतो, तो तीव्र दमा. पंप चुकीचा ओढल्यामुळे किंवा मधेच सोडल्यामुळे बिघडलेला दमा यात मोडत नाही. नेदरलँड्समधल्या 2015 सालच्या एका अभ्यासात, ही कसोटी काटेकोरपणे लावल्यावर दमा असलेल्या प्रौढांपैकी सुमारे 3.6 टक्के लोक या गटात बसले. संख्येने गट लहान आहे, पण तोंडाने घ्यायच्या स्टेरॉईडच्या गोळ्यांचा मोठा भार त्याच्याच वाट्याला येतो.

या बाईंनीही तो वाहिला. सलग चार वर्षं प्रेडनिसोलोन ही स्टेरॉईडची गोळी रोज, शिवाय वर्षातून तीन-चार वेळा अ‍ॅटॅक आला की वाढीव मात्रेचा कोर्स. वजन वाढलं, बीएमआय 31 वर गेला. मग मेपोलिझुमॅब हे जैविक औषध सुरू झालं. दर चार आठवड्यांनी त्वचेखाली घ्यायचं हे इंजेक्शन या पेशी वाढवणाऱ्या इंटरल्यूकिन-5 या प्रथिनाला अडवतं आणि इओसिनोफिल पेशींची संख्या खाली आणतं. औषध त्यांना छान लागू पडलं. वर्षभरात अ‍ॅटॅक फक्त एक. रोजची प्रेडनिसोलोन टप्प्याटप्प्याने कमी करत बंद झाली. एका सेकंदात बाहेर फेकलेल्या हवेचं प्रमाण, म्हणजे एफईव्ही-1, अपेक्षित आकड्याच्या 58 टक्क्यांवरून 74 टक्क्यांवर आलं. दमा किती आटोक्यात आहे हे सांगणारा पाच प्रश्नांचा एसीक्यू गुणांक 2.8 वरून 1.0 वर उतरला. या गुणांकात कमी आकडा चांगला, आणि 1.5 किंवा त्याहून जास्त म्हणजे दमा आटोक्याबाहेर.

कागदावर हे उपचारांचं मोठं यश होतं, आणि ते खरंही होतं. तरीही त्यांच्या छातीच्या डॉक्टरांनी त्यांना श्वसन पुनर्वसनाकडे, म्हणजे व्यायाम आणि श्वासाच्या शिकवणीसाठी, पाठवलं. चिठ्ठीत एवढंच होतं: “दमा स्थिर. तरी रुग्ण म्हणते, काही जमत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉईड, हृदयाची सोनोग्राफी आणि सकाळचं कॉर्टिसॉल ठीक.” यातली कॉर्टिसॉलची तपासणी मला फार महत्त्वाची वाटते. बरीच वर्षं स्टेरॉईड घेऊन ते थांबवल्यावर शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असू शकतात. त्यातून येणारा थकवा व्यायामाने जात नाही, उलट जिवावर बेतू शकतो. ती शंका आधीच फिटली होती, म्हणून पुढचं काम निर्धास्तपणे करता आलं.

पहिली भेट

“आता दम लागतो का?”

“नाही हो. पूर्वीसारखा अजिबात नाही.”

“जिना चढताना?”

“जिना कशाला चढू? लिफ्ट आहे ना.”

“लिफ्ट बंद असली तर?”

“मग थांबते. नाहीतर हे खाली येऊन सामान वर नेतात, मी लिफ्ट सुरू झाल्यावर येते.”

“भरभर चालताना?”

“मी भरभर चालतच नाही.”

प्रत्येक उत्तर खरं होतं, आणि प्रत्येक उत्तरामागे एक सोडून दिलेलं काम होतं. एसीक्यूमध्ये हालचालीवरही एक प्रश्न असतो: गेल्या आठवड्यात दम्यामुळे तुमच्या कामांवर किती मर्यादा आली? बाईंनी ‘अगदी थोडी’ असं लिहिलं होतं. जी कामं उरली होती त्यांच्यावर मर्यादा नव्हतीच. आयुष्य आधीच दम्याच्या मापाने कापून शिवलं होतं, त्यामुळे ते आता कुठे काचत नव्हतं.

ही काटछाट कुठून सुरू झाली, हे विचारायला हवं होतं. दहा वर्षांपूर्वी जिन्यातच त्यांना मोठा अ‍ॅटॅक आला होता आणि अतिदक्षता विभागात राहावं लागलं होतं. घरी सोडताना त्यांना सांगण्यात आलं, “दगदग करू नका, जिने टाळा.” त्या आठवड्यापुरता सल्ला योग्यच होता. पण तो पुढे कुणी मागे घेतला नाही. त्यानंतरच्या कुठल्याही भेटीत “आता जिना चढायला हरकत नाही” असं वाक्य कुणी उच्चारलं नाही. त्यांनी सल्ला पाळला, घरच्यांनी जिवापाड पाळायला लावला. “तू बस, मी आणतो” हे दहा वर्षं प्रेमाने म्हटलं गेलं. औषध लिहून देताना ते किती दिवस घ्यायचं हे आपण लिहितो. विश्रांती लिहून देताना मुदत लिहीत नाही, आणि तिचे दुष्परिणाम तर कुणी मोजतच नाही. हे मला खरोखर खटकतं.

सहा मिनिटं चालण्याची चाचणी

चाचणीआधीच त्यांनी पंपाकडे हात नेला. लक्षण काही नव्हतं, सवय होती. त्यांना थांबवून आधी स्पायरोमेट्री, म्हणजे एफईव्ही-1 मोजणारी फुंकण्याची चाचणी, केली आणि मगच चालायला सांगितलं.

पहिल्या मिनिटात चाल बरी होती. दुसऱ्या मिनिटात खांदे कानांकडे सरकले आणि श्वास छातीच्या वरच्या भागातच खेळू लागला. तिसऱ्या मिनिटाला बोर्ग मापनावर धाप विचारली. या मापनात 0 म्हणजे काहीच नाही आणि 10 म्हणजे सहन होण्याची परिसीमा. त्यांनी 4 सांगितला. पायांचा थकवा विचारला तर 6. पाचव्या मिनिटाला त्या थांबल्या, भिंतीला हात टेकला, आणि म्हणाल्या, “छाती ठीक आहे, मांड्या थरथरतायत.”

अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालल्या. एकूण अंतर 410 मीटर, त्यांच्या वयाच्या मानाने बरंच कमी. रक्तातला ऑक्सिजन पूर्ण वेळ 95 टक्क्यांच्या वर. चाचणीनंतर एफईव्ही-1 जास्तीत जास्त 4 टक्के घसरलं. व्यायामाने श्वासनलिका आवळल्या म्हणायला ही घसरण निदान 10 टक्के हवी.

म्हणजे चालणं छातीने थांबवलं नव्हतं, पायांनी थांबवलं होतं. दीर्घकाळ तोंडाने घेतलेलं स्टेरॉईड मांड्या, नितंब आणि खांद्यांजवळचे मोठे स्नायू कमकुवत करतं. त्यात वर्षानुवर्षं न वापरल्याने आलेली झीज मिसळली. कमकुवत स्नायू थोड्या कामातही लवकर आम्ल साठवतात, ते बाहेर टाकायला श्वास वाढतो, आणि बाईंना वाटतं दमा उठला. एका मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठबस होते हे पाहिलं, तर फक्त 19 वेळा झाली. सोळा प्रश्नांची नाइमेगन प्रश्नावलीही भरून घेतली. तिच्यात 64 पैकी 23 च्या वर गुण आले, तर श्वासाची लय बिघडल्याची शंका घेतात. बाईंचे गुण 28. तीव्र दम्यात ही प्रश्नावली जपून वाचावी लागते, कारण तिच्यातली काही लक्षणं दम्याचीही असतात. पण खांदे वर खेचून श्वास घेणं डोळ्यांसमोर दिसतच होतं.

सात दिवसांची नोंद

माणूस किती हालचाल करतो हे त्यालाच विचारलं तर उत्तर भरवशाचं येत नाही. यात खोटेपणा नसतो, अंदाजच चुकतो. म्हणून कमरेला हालचालमापक यंत्र लावून सात दिवस नोंद घेतली. झोप आणि अंघोळ सोडून ते पूर्ण वेळ अंगावर. पोहणं, सायकल चालवणं किंवा हातातलं ओझं अशा यंत्राला नीट कळत नाही. बाईंच्या दिनक्रमात यातलं फारसं काही नव्हतं, त्यामुळे नोंद पुरेशी विश्वासार्ह होती.

आठवड्याची सरासरी रोज 3,940 पावलं. पण सरासरीपेक्षा एकेक दिवस पाहणं जास्त बोलकं होतं. सोमवारी 4,300, मंगळवारी 4,600. बुधवारी कार्यालयाच्या कामासाठी बाहेर जावं लागलं, 7,400. गुरुवारी 2,200. शुक्रवारी 4,100, शनिवारी 2,600, रविवारी 2,380. बुधवारी इतकं चालूनही काहीच बिघडलं नव्हतं. ना पंप जास्त लागला, ना रात्री खोकला आला. तरी गुरुवारी त्या जपून राहिल्या, कारण “काल फार झालं”. नोंदीत आजाराचा परिणाम कुठे दिसत नव्हता, भीतीचा परिणाम मात्र पावलांच्या आकड्यात मोजता येत होता.

मध्यम किंवा त्याहून जोरदार हालचाल, म्हणजे ज्यात स्वस्थ बसण्याच्या निदान तिप्पट ऊर्जा लागते, ती रोज सरासरी 9 मिनिटं. जागेपणी बसून किंवा रेलून घालवलेला वेळ 10 तास 40 मिनिटं.

इथे 2018 साली प्रसिद्ध झालेला एक ऑस्ट्रेलियन अभ्यास डोळ्यांसमोर होता. त्यात तीव्र दमा असलेल्या 61 प्रौढांची तुलना दमा नसलेल्या तितक्याच प्रौढांशी केली होती. तीव्र दमा असलेले लोक रोज सुमारे 2,200 पावलं कमी चालत होते, आणि त्यांची मध्यम ते जोरदार हालचाल जवळजवळ निम्मी होती: दिवसाला सुमारे 22 मिनिटं विरुद्ध 42. बसून राहण्याच्या वेळात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. निरोगी माणसंही तितकीच बसतात. तीव्र दम्यात हरवते ती थोडा दम लावणारी हालचाल. ज्यांची हालचाल जास्त त्यांची व्यायामक्षमता आणि दम्यावरचं नियंत्रणही बरं होतं. एका वेळच्या मोजणीतून कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे ठरत नाही, पण काय परत मिळवायचं याची दिशा मिळते. म्हणून या प्रकरणात “कमी बसा” हा सल्ला मागे ठेवला आणि “थोडं जोरात चाला” हा पुढे आणला.

दोन प्रकारचा दम

पहिले दोन आठवडे व्यायामापेक्षा एकाच शिकवणीवर जास्त वेळ गेला, आणि माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम तेच होतं. श्रमाने लागणारी धाप आणि श्वासनलिका आवळल्यामुळे लागणारा दम यांतला फरक शरीराला ओळखता यावा लागतो. नुसतं सांगून ते होत नाही.

श्रमाची धाप काम चालू असताना वाढते आणि थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत उतरते. व्यायामाने श्वासनलिका आवळतात तेव्हा त्रास बहुधा व्यायाम थांबल्यावर वाढतो, पाच ते दहा-पंधरा मिनिटांच्या सुमारास टोकाला जातो आणि हळूहळू अर्ध्या-एक तासात ओसरतो. भराभर श्वास घेताना श्वासमार्गातली ओल उडून जाते, आतल्या द्रवात क्षारांचं प्रमाण वाढतं, तिथल्या मास्ट पेशींतून हिस्टामिन आणि ल्यूकोट्राइन ही नळ्या आवळणारी रसायनं सुटतात आणि नळ्यांचे स्नायू आवळतात. छातीत घट्टपणा, घरघर, सुका खोकला या दुसऱ्या प्रकारच्या खुणा.

जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर येते हे दाखवणारा पीक फ्लो मीटर हातात देऊन हे त्यांना स्वतःलाच पाहायला लावलं. स्थिर सायकलवर आठ मिनिटं, धाप बोर्गवर 5 पर्यंत. आधी 340. थांबताक्षणी 350. पाच मिनिटांनी 335, दहा मिनिटांनी 330, पंधरा मिनिटांनी पुन्हा 340. आकडे त्यांनीच वहीत लिहिले, मग वहीकडे बघत म्हणाल्या, “म्हणजे मला धाप लागली होती, पण नळ्या उघड्याच होत्या?” होत्या. पुढे हाच प्रयोग जिन्यावर केला. दहा वर्षांनी त्या एक मजला चढल्या, मधल्या कठड्यापाशी एकदा थांबून. वर पोहोचल्यावर पंप मागितला नाही, पीक फ्लो मीटर मागितला.

व्यायामाआधीचा पंप सगळ्यांना लागतोच असं नाही, पण ज्यांच्या श्वासनलिका खरोखर आवळतात त्यांना तो दहा-पंधरा मिनिटं आधी घेतल्याने मोठा फायदा होतो. कुणाला कोणता आणि किती, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. या बाईंच्या बाबतीत मोजमापावरून त्याची गरज दिसली नाही. पंप खिशात ठेवायचा, लक्षणं आली तर घ्यायचा, असं डॉक्टरांशी बोलून ठरलं.

बारा आठवडे

आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली व्यायाम, बाकी दिवस घरी चालणं. सुरुवात मांड्यांपासून केली. खुर्चीतून उठबस, बुटक्या पायरीवर चढ-उतार, लवचीक पट्टा लावून गुडघा सरळ करणं. पाय सशक्त झाल्याशिवाय चालण्याचा वेग वाढवला असता तर धाप आधी आली असती आणि जुनी भीती खरी ठरली असती. उड्यांचे प्रकार टाळले. इतकी वर्षं स्टेरॉईड घेतलेल्या माणसाच्या हाडांची घनता तपासल्याशिवाय ते देऊ नयेत, आणि ती तपासणी तेव्हा झालेली नव्हती. ती करून घेतली, हाडं थोडी विरळ निघाली, त्यावरचे उपचार वेगळे सुरू झाले.

व्यायामाआधी दहा मिनिटं अंग तापवणं, त्यात मधूनमधून अर्ध्या मिनिटाचा थोडा जोर. अशा चढउताराच्या सुरुवातीने पुढे श्वासनलिका आवळण्याचं प्रमाण बऱ्याच जणांत कमी होतं. चालताना वेग ओळखायची खूण सोपी ठेवली. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, आणि मिनिटाला साधारण 100 पावलं पडावीत. प्रौढांमध्ये एवढी गती म्हणजे साधारणपणे मध्यम श्रम. बाईंची नेहमीची गती मोजली तर 84 निघाली. म्हणजे त्या चालत होत्या तेव्हाही त्या चालण्याची गणना मध्यम हालचालीत होत नव्हती.

पावलांचं लक्ष्य ठरवताना एक अडथळा त्यांच्याच फोनमध्ये होता. तिथे रोजचं लक्ष्य 10,000 होतं आणि ते कधीच गाठलं जात नव्हतं. तो आकडा 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापक यंत्राच्या नावातून रूढ झाला. तीव्र दम्याच्या रुग्णांचा विचार करून तो कुणी काढलेला नाही. फोनवरचं लक्ष्य 4,500 केलं आणि दर दोन आठवड्यांनी, आधीचं जमलं असेल तरच, थोडं वाढवलं. दीर्घकालीन फुप्फुस अडथळ्याच्या आजारात (सीओपीडी) रोज 600 ते 1,100 पावलांची वाढही अर्थपूर्ण मानली जाते. दम्याचा आजार वेगळा आहे, पण अंदाज बांधायला तो आकडा उपयोगी पडला.

घरच्यांनी हौसेने त्यांना दमा असलेल्या खेळाडूंची उदाहरणं सांगितली होती. पॉला रॅडक्लिफ यांना लहान वयात दमा असल्याचं कळलं आणि 2003 साली त्यांनी लंडन मॅरेथॉन 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. गोष्ट खरी आहे आणि ज्याचा दमा औषधाने नीट आटोक्यात राहतो त्या तरुणाला ती उभारी देईल. चार वर्षं रोज स्टेरॉईड घेतलेल्या, मांड्या थरथरणाऱ्या बाईला मात्र तिच्यातून एकच अर्थ लागतो: आपण कमी पडलो. अशी उदाहरणं तीव्र दम्याच्या रुग्णांपुढे ठेवू नयेत, असं मला ठामपणे वाटतं.

व्यायाम कधी करायचा नाही, हेही पहिल्याच आठवड्यात लिहून दिलं होतं. रात्री दम्याने जाग आली असेल, पीक फ्लो स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या 80 टक्क्यांखाली असेल, सर्दी-ताप असेल किंवा बाहेर धूर आणि प्रदूषण जास्त असेल, तर त्या दिवशी जोराचा व्यायाम नाही.

सहावा आठवडा

सर्दी झाली, ती छातीत उतरली. पीक फ्लो 210 वर आला, डॉक्टरांनी पाच दिवसांचा प्रेडनिसोलोनचा कोर्स दिला. पावलं दिवसाला 1,300 पर्यंत घसरली. फोनवर पहिलं वाक्य होतं, “सगळं पाण्यात गेलं. आता परत पहिल्यापासून.”

तीव्र दम्यात अ‍ॅटॅक येणारच, जैविक औषधावर असतानाही अधूनमधून येतो. व्यायामाच्या योजनेत त्यासाठी जागा नसेल तर योजना कागदावरच राहते. इथे जागा होती. पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती. तिसऱ्या दिवशी श्वास बसल्यावर घरातल्या घरात तासातून एकदा दोन मिनिटं चालणं आणि पाच उठबशा. मांड्यांचा व्यायाम सगळ्यात आधी परत आणला, कारण अंथरुणातले दिवस आणि स्टेरॉईड दोन्ही त्याच स्नायूंवर घाव घालतात. पीक फ्लो 300 च्या वर टिकल्यावर आधीच्या लक्ष्याच्या 60 टक्क्यांपासून चालणं सुरू झालं. दोन आठवड्यांनी त्या जिथे होत्या तिथे परत आल्या. आणि या वेळी “विश्रांती घ्या” या सल्ल्याला तारीख होती.

मोजमाप पुन्हा

बारा आठवड्यांनंतर तेच यंत्र, तेच सात दिवस. सरासरी 5,480 पावलं. मध्यम ते जोरदार हालचाल 9 वरून 21 मिनिटं. सहा मिनिटांत 468 मीटर, म्हणजे 58 मीटर जास्त. श्वसनाच्या दीर्घ आजारांत 30 मीटरच्या आसपासची वाढ रुग्णाला जाणवण्याइतकी धरतात. उठबस 19 वरून 25. नाइमेगन 28 वरून 18.

आता दुसरी बाजू. एफईव्ही-1 आधी 74 टक्के, नंतर 75. एसीक्यू 1.0 वरून 0.8. अर्ध्या गुणाहून कमी फरक अर्थपूर्ण धरत नाहीत. वजन जेमतेम एक किलो उतरलं. बसण्याचा वेळ 10 तास 15 मिनिटं, जवळजवळ तसाच. दर तासाला उठायची आठवण देणारी सूचना त्यांनी तिसऱ्या आठवड्यातच बंद करून टाकली होती, कामात व्यत्यय येतो म्हणून. शनिवार-रविवार अजूनही आठवड्यातले सगळ्यात कमी चालण्याचे दिवस होते.

नेहमीच्या भेटीत एफईव्ही-1 आणि एसीक्यू एवढेच पाहिले जातात. त्या दोन आकड्यांवरून या तीन महिन्यांत काहीच घडलं नाही. बाई रोज दोन मजले चढून घरी जाऊ लागल्या, हे कुठल्याच रकान्यात बसलं नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की तीव्र दम्याच्या प्रत्येक पाठपुराव्यात रोजची पावलं आणि एक साधी चालण्याची किंवा उठबशीची चाचणी असावी, आणि “काय काय करणं सोडलंत?” हा प्रश्न असावा. फोनमधली मोजणी अचूक नसते, पण त्याच माणसाची त्याच फोनवरची दोन महिन्यांची तुलना पुष्कळ सांगून जाते.

यातलं श्रेय कशाला किती, हे एका प्रकरणातून वेगळं काढता येत नाही. जैविक औषध चालूच होतं, आणि यंत्र कमरेला आहे म्हटल्यावर माणूस थोडा जास्त चालतोच. व्यायामाचा परिणाम केवळ स्नायूंवर होतो असंही नाही. ब्राझीलमध्ये मध्यम ते तीव्र दमा असलेल्या प्रौढांवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठवड्यातून दोनदा असा बारा आठवडे ट्रेडमिलवर व्यायाम केल्यावर श्वासनलिकांचा अतिसंवेदनशीलपणा आणि रक्तातलं इंटरल्यूकिन-6 हे दाह दाखवणारं प्रथिन, दोन्ही कमी झाले. या बाईंमध्ये ते मोजलेलं नाही, म्हणून त्यांच्याबद्दल तसा दावा करत नाही.

सहा महिन्यांनी सरासरी 5,100 वर होती. थोडी घसरण, पण मध्यम हालचालीची मिनिटं 20 च्या आसपास टिकली होती. पर्यवेक्षित सत्रं संपल्यावर मांड्यांचा व्यायाम आठवड्यातून एकदाच होत होता, तो पुन्हा दोनदा केला. रविवारी पतींनी सोबत चालायचं असं दोघांनी मिळून ठरवलं. “तू बस” म्हणायची सवय मोडायला त्यांनाही काहीतरी काम हवं होतं. पुढची मोजणी हवा थंड आणि कोरडी होईल त्या महिन्यात ठेवली आहे, कारण अशा हवेत श्वासनलिका व्यायामाने जास्त आवळतात. आत्तापर्यंतच्या सगळ्या चाचण्या उबदार खोलीत झाल्या आहेत. पीक फ्लोची पाच आकड्यांची वही त्या वेळी बाहेर, उघड्यावर चालताना पुन्हा भरायची आहे. दहा टक्क्यांहून जास्त घसरण दिसली तर पुन्हा स्पायरोमेट्री करून व्यायामाआधीच्या पंपाचा निर्णय नव्याने घ्यावा लागेल.